वंशसंहार चालू असताना जग मध्ये का पडत नाही?

वंशसंहार होत असल्याचे ठाऊक असूनही आंतरराष्ट्रीय समुदाय हस्तक्षेप का करत नाही, असे आपण विचारले आहे. मी हर्णैचा, नोकरीची सगळी वर्षे व्यापारी जहाजांवर गेली, त्यामुळे उत्तराची सुरुवात समुद्रापासून करतो.

संकटसंदेश मिळाल्यावर मदत करू शकणाऱ्या जहाजाने पूर्ण वेगाने तिकडे निघावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि जाता येत नसेल तर कप्तानाला त्याचे कारण लॉगबुकात नोंदवावे लागते. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानेही राष्ट्रांवर प्रतिबंधाचे बंधन घातले. परंतु कोणी, केव्हा आणि कोणत्या फौजेनिशी जायचे हे त्यात नाही, आणि न जाणाऱ्याला कारणही नोंदवावे लागत नाही.

रवांडात माहितीची उणीव नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या तेथील शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजीच तुत्सी या तेथील अल्पसंख्य समाजाच्या कत्तलीच्या तयारीची खबर न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवली होती, पण शस्त्रसाठे जप्त करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू होताच १० बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी परत बोलावली, आणि सुमारे अडीच हजारांची ती सेना वाढवण्याऐवजी सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला ती २७० वर आणण्याचा ठराव केला. त्यासाठी कोणाला नकाराधिकारही वापरावा लागला नाही. (त्या वर्षी परिषदेच्या अस्थायी सदस्यांत खुद्द रवांडा होता!) आदल्या ऑक्टोबरात सोमालियात १८ अमेरिकी सैनिक पडले होते, त्यामुळे वॉशिंग्टनला आणखी एका आफ्रिकी देशात गुंतायचे नव्हते, ‘वंशसंहार’ म्हटले तर काही करावे लागेल, म्हणून तेथील प्रवक्ते ‘वंशसंहाराची कृत्ये’ एवढ्यावरच थांबत.

शब्द टाळणे हेच मूळ दुखणे, असे मला बरीच वर्षे वाटे. मात्र २००४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुदानमधील दारफुरबाबत तो शब्द उघडपणे वापरला आणि त्यामुळे कोणतीही नवी कृती करणे भाग पडत नाही, हेही त्याच निवेदनात सांगून टाकले.

प्रत्यक्ष मध्ये पडले ते बहुधा शेजारी, आणि तेही झळ स्वतःच्या दारात पोहोचल्यावर. १९७१ मध्ये भारत पूर्व पाकिस्तानात उतरला, तेव्हा तेथून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. सीमेवर ख्मेर रूजचे, म्हणजे कंबोडियातील पोल पोटच्या सत्ताधारी गटाचे, हल्ले सोसणाऱ्या व्हिएतनामने १९७९ च्या जानेवारीत पोल पोटची राजवट उलथली. त्यानंतरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा काही वर्षे त्या पदच्युत राजवटीकडेच ठेवण्यात आली.