सारांश समजतो, मूळ लेख समजत नाही

“चॅटबॉटशिवाय इंग्रजीतला एक परिच्छेदही मला धड वाचता येत नाही. माझे वाचन सुधारते आहे, की मी नुसत्या कुबड्या घेऊन चालते आहे?” पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून तो निरनिराळ्या शब्दांत माझ्यापुढे येत असतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना ही साधने मनापासून आवडतात आणि त्यांची कारणेही पटण्याजोगी असतात: अडलेले वाक्य रात्री-अपरात्री विचारता येते, तीच शंका पुन्हा काढली तरी कोणी वैतागत नाही आणि चारचौघांत हसे होत नाही. या शेवटच्या कारणाचे मोल, वर्गात तोंड उघडायला कचरणाऱ्यालाच कळते.

ती वाचते कसे, हे मी तिला करून दाखवायला सांगितले. ती आधी संपूर्ण लेख चॅटबॉटला देई, सारांश वाचून घेई आणि मग मूळ लेखावरून नजर फिरवी; अर्थ अगोदरच ठाऊक असल्यामुळे सगळे समजल्यासारखे वाटे. आम्ही एका शोधनिबंधाचा शेवटचा परिच्छेद आणि त्याचा सारांश शेजारी शेजारी ठेवले. पाहणीतील माणसे थोडी असल्याने निष्कर्ष सर्वांना लागू पडेलच असे नाही, असे लेखकाने बजावले होते. सारांशात ती अट गळून पडली होती आणि उरले होते एक ठाम विधान. ही तफावत तिची तिनेच शोधली. माझ्या उपदेशाने जे साधले नसते, ते त्याने साधले.

समजल्याचा हा भास नवा नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो लक्षात राहील याची खात्री अधिक होती; आठवड्याने मात्र, उतारा बाजूला ठेवून आठवण्याचा सराव केलेल्यांनाच तो अधिक आठवला.

म्हणून मी चॅटबॉट बंद करायला सांगितले नाही, फक्त क्रम उलटवला. आधी परिच्छेद स्वतः वाचायचा, त्याचा आशय मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, लिहायचा, आणि मग ‘मी काय चुकीचे समजले? उत्तर न देता मला प्रश्न विचार’ असे चॅटबॉटला सांगायचे. तोही चुकीची माहिती आत्मविश्वासाने देतो, तेव्हा त्याचे म्हणणे मूळ ओळीशी ताडून पाहायचे. कोणाच्याही मदतीविना आरामात वाचायचे तर शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असे वाचनाचे अभ्यासक मानतात. त्यामुळे सरावापुरता मजकूर सोपा करून घेण्यात मला गैर वाटत नाही.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, वेळ फार जातो.” तो जाणारच होता. परीक्षेच्या धामधुमीत ती पुन्हा सारांशांकडे वळली होती, हेही तिने सांगितले. मी हरकत घेतली नाही. मात्र प्रबंधासाठी लागणाऱ्या लेखांना ही सवलत द्यायची नाही, एवढे आम्ही दोघींनी ठरवून घेतले.