नाण्यावरचा रंग मुरलेला की चढवलेला? तुमचे प्रश्न

प्रश्न: प्रदर्शनात 1918 चा पंचम जॉर्जचा रुपया घेतला, दोन्ही बाजूंनी मोरपंखी निळा. विकणारा म्हणाला नॅचरल टोनिंग, म्हणजे आपोआप मुरलेला रंग. फोटो पाठवलाय. (मंगळवार पेठ)

फोटो बघून मला तरी शंका येतेय. चांदीवर हवेतला गंधक बसला की सल्फाइडचा पातळ थर चढतो, आणि थर जाड होईल तसा रंग बदलतो, आधी फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा, शेवटी काळपट. हा थर बहुतेक वेळा कडेकडून आत सरकतो, वर्षं लागतात त्याला, म्हणून कडेला निळं, आत तांबूस, मध्ये पिवळं नाहीतर कोरी चांदी असा क्रम सापडतो. तुमच्या रुपयावर निळ्याला लागून एकदम पांढरी चांदी आहे, मधले रंग गेले कुठं? शिवाय राजाची दाढी फिरून फिरून गुळगुळीत झालीय आणि नेमका तिथंच सगळ्यात भडक रंग. जुनं टोनिंग असतं तर हात लागून तिथलंच आधी गेलं असतं ना!

आता 10 पट भिंग घ्या, नाणं लाईटखाली हळूहळू कलतं करा. रंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या तर आधी घासून चकाचक केलाय आणि मग रंगवलाय. काहीजण ॲसिटोन लावून बघा म्हणतात, पण त्यानं शाई, वॉर्निश निघेल, गंधकानं मुद्दाम चढवलेला थर खऱ्यासारखाच सल्फाइडचा असतो, तो निघत नाही, त्यामुळं रंग टिकला म्हणजे खरा असं नाही. उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवूनसुद्धा रंग आणतात लोक, काय बोलणार.

प्रश्न: आजीच्या ट्रंकेत राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) रुपये सापडले, काळे पडलेत. गुजरीत, सराफाकडं धुवून घेऊ का?

अजिबात नको! ते काळं म्हणजे त्याच चांदीचा वरचा थर, तेजाबात बुडवून रिठ्यानं धुतलं की थरासोबत झळाळीपण जाते. राणीछाप म्हणजे 11.66 ग्रॅम, 91.7 टक्के चांदी, धुतलात की मोडीचाच भाव समजा. लक्ष्मीपूजनाला चकचकीत पाहिजे असतील तर एखाददुसरा धुवा, बाकीचे राहू द्यात तसेच.

प्रश्न: दुदांडी शिवराईवर (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) हिरवा थर आहे, खरा का?

तांब्याचा जुना थर गडद, घट्ट आणि गुळगुळीत असतो. लाकडी टूथपिकनं हलकेच टोकरून बघा, अक्षरांच्या खाचेतनं रंगासारखं सुटून आलं आणि खाली लालभडक तांबं निघालं तर चढवलेलं. फिकट हिरवी पूड झडत असेल तर मात्र तो रोगही असू शकतो, क्लोराइडचा, खऱ्या नाण्यालाही होतो, म्हणून आधी बाकीच्या नाण्यांपासून ते वेगळं काढा.

प्रश्न: अल्बममधल्या नाण्यांवर हिरवट चिकट लागतंय.

अल्बमची पानं पीव्हीसीची, म्हणजे मऊ प्लॅस्टिकची आहेत, त्यातनंच ते चिकट सुटतं. इथं मात्र ॲसिटोन चालतं, साधं, सेंट-रंग नसलेलं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. बुडवा, चोळू नका. मग मायलरच्या (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मच्या) पाकिटात घाला, रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद लांब ठेवा, दोन्हीत गंधक असतो. आणि आपल्याकडचा जुलैचा पाऊस सुरू व्हायच्या आत डब्यात सिलिका जेलच्या नव्या पुड्या टाका, गेल्या वर्षीच्या ओल पिऊन गार झालेल्या असतात.