पगाराच्या ओळीवर बोट ठेव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

खासदारांच्या कार्यालयात रुजू होऊन तुला जेमतेम तीन आठवडे झाले, तोवर अनुदानाच्या मागण्यांचा, म्हणजे खात्यांनी पुढल्या वर्षासाठी मागितलेल्या पैशांचा, तो ठोकळा टेबलावर येऊन पडला. ‘यातलं नेमकं वाचायचं काय?’ असं विचारतेस. विचारलंस ते बरोबर माणसाला. माझी सगळी नोकरी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली. केंद्रातल्या एका खात्याच्या अंदाजपत्रक शाखेत बसून संसदेच्या स्थायी समितीच्या, म्हणजे खात्याच्या मागण्या तपासणाऱ्या खासदारांच्या समितीच्या, प्रश्नांना उत्तरं लिहायची, हे माझं काम. उत्तर वेळेवर जायला हवं, चार पानांचं हवं आणि वाचणाऱ्याच्या हाती मात्र काही लागता कामा नये, यात आमच्या शाखेचा हातखंडा होता. त्याचा फार अभिमान वाटावा असं नाही. पण आता त्या विद्येचा उपयोग तुला होत असेल तर होऊ दे.

आधी एक गोष्ट समजून घे, म्हणजे भलत्या अपेक्षा राहणार नाहीत. तुझे खासदार ज्या स्थायी समितीवर आहेत, ती तुमची समिती एका पैशाचीही कपात करू शकत नाही. राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदानुसार मागणी मंजूर करणं, नाकारणं किंवा कमी करणं हा अधिकार लोकसभेचा. समितीच्या अहवालात कपात सूचनेसारखं, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असं, काहीही सुचवायचं नाही, असं नियमच सांगतो. मंत्री समितीसमोर साक्षीला येत नाहीत, सचिव येतात. बैठक बंद दाराआड होते. आणि अहवालासाठी मुदत वाढवून मागायची सोय नाही.

मग वाचायचं कशाला? कारण दुसरीकडे कुठे कुणी वाचतच नाही. केंद्राच्या शंभरेक मागण्यांपैकी मोजक्या मंत्रालयांवर सभागृहात चर्चा होते आणि बाकीच्या शेवटच्या दिवशी गिलोटिनखाली, म्हणजे चर्चा न करता थेट मताला टाकून, एकगठ्ठा मंजूर होतात. मार्च २०१८ मध्ये तर सगळ्याच मागण्या गदारोळात चर्चेविना मंजूर झाल्या. मार्च २०२३ मध्ये पुन्हा तेच झालं, तेव्हा अर्थसंकल्प ४५ लाख कोटी रुपयांचा होता. १९९३ साली खातेनिहाय १७ समित्या नेमल्या गेल्या आणि २००४ साली त्या २४ झाल्या, त्यामागचं कारणही हेच: सभागृहाला ज्यासाठी सवड नाही ते ३१ सदस्यांनी बसून करावं. त्यातल्या एका सदस्याच्या हातात तुझा कागद असणार आहे. सचिवांसमोर त्यांना प्रश्न विचारायला फार तर पाच-सात मिनिटं मिळतील.

आता कागदाकडे वळू. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, रकाने असतात: मागल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढल्या वर्षीची मागणी. नवखा माणूस पहिला आणि शेवटचा रकाना बघतो आणि ‘तरतूद वाढली’ म्हणून मोकळा होतो. तू मधल्या दोन रकान्यांतली घसरण बघ. वर्षाच्या सुरुवातीला १०० मागितले, डिसेंबरच्या सुमारास तेच ७० झाले, आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा ११० मागितले, असं जिथे दिसेल तिथे पेन्सिलीनं खूण कर. एकट्या वर्षावर जाऊ नकोस, पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक मांड. एखाद्या वर्षी निविदा अडकते, निवडणूक येते, हे मान्य. पाचही वर्षं तेच होत असेल तर त्या खात्याला हा पैसा खर्चता येत नाही आणि त्यांना ते ठाऊक आहे, असं खुशाल समज.

मार्च महिन्याचं वेगळं सांगायला नको. अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनुसार शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च होऊ नये. महिनावार खर्चाचा तक्ता मागून घे, म्हणजे झालं. (तिमाहीचा तक्ता पाठवतील, त्यात मार्च लपतो. महिनावारच माग.)

पण पैशाचे रकाने सगळेच बघतात. मला सांगायचंय ते माणसांबद्दल. आमच्या खात्यात आस्थापना शाखा, म्हणजे पदं आणि नेमणुका बघणारी, दुसऱ्या मजल्यावर होती आणि अंदाजपत्रक शाखा चौथ्या. रिक्त पदांचा तक्ता ते बनवायचे, खर्चाचा तक्ता आम्ही. दोन्ही तक्ते समितीकडे एकाच पाकिटातून जात, पण वेगवेगळ्या परिशिष्टांत. इतक्या वर्षांत ते दोन कागद शेजारी ठेवून प्रश्न विचारणारे सदस्य मला दोनच भेटले. एक शिक्षक होते, दुसऱ्या बाई सहकारी बँक चालवून आलेल्या.

त्या बाईंनी विचारलेला प्रश्न मला आजही पाठ आहे. आम्ही लेखी कळवलं होतं की येत्या वर्षात रिक्त पदांपैकी बहुतेक भरली जातील, प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “मग यांचा पगार कुठे धरलाय?”

आमच्या सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. पगाराच्या ओळीत धरलेली वाढ ही वार्षिक वेतनवाढ आणि महागाई भत्ता एवढ्यापुरतीच होती. नव्या माणसांसाठी एक रुपया नव्हता. कारण पद भरलं जाणार नाही हे मला माहीत होतं, आस्थापना शाखेला माहीत होतं, आणि पगाराची तरतूद मंजूर पदांवर न करता प्रत्यक्ष पगार घेणाऱ्या माणसांवर करायची असते. आश्वासन एका परिशिष्टात होतं आणि त्याचं खंडन दुसऱ्यात, दोन्हीवर सही आमच्याच खात्याची.

हा प्रश्न तू तुझ्या खासदारांना पाठ करून दे. त्यासाठी गणित सोपं आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वार्षिक वाढ ३ टक्के. महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा वाढतो, तो किती वाढेल याचा अंदाज बांध. एवढं वजा केल्यावर पगाराच्या ओळीत जी वाढ उरते, तेवढीच भरती होणार आहे असं खातं स्वतः मानतं. थकबाकी किंवा नवा वेतन आयोग आला की हा हिशेब बिघडतो, ती वर्षं सोडून दे.

पगाराची ओळ घटलेली दिसली तर घाईनं ‘काटकसर’ लिहू नकोस. शेजारच्या ओळी बघ, बाहेरून घेतलेल्या सेवांच्या, सल्लागारांच्या, कार्यालयीन खर्चाच्या. कंत्राटी मुलं एजन्सीमार्फत येतात, त्यांचा पैसा पगारात दिसत नाही आणि पदांच्या तक्त्यात तर ती नसतातच. एका मंजूर पदाच्या जागी किती कंत्राटी माणसं किती वर्षं बसली आहेत, हा आकडा आमच्याकडे एकत्र कधी नव्हताच. विचारला की सगळ्या विभागीय कार्यालयांना फोन करावे लागत. म्हणून तो विचारावा. विचारल्याशिवाय कुणी मोजत नाही.

रिक्त पदांचा आकडा केंद्रात लहान नाही. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारात ४० लाखांहून अधिक मंजूर पदांपैकी सुमारे ९.७९ लाख रिक्त होती, असं सरकारनंच संसदेत सांगितलेलं आहे. पण असा मोठा आकडा समितीत फेकून उपयोग होत नाही. सचिव मान डोलावतात, ‘चिंतेची बाब आहे’ म्हणतात आणि पाच मिनिटं संपतात. रिक्त पद म्हटलं तर त्याच्या चार तऱ्हा असतात. सरळ भरतीचं पद असेल तर भरती करणाऱ्या संस्थेकडे मागणीपत्र गेलं का आणि कोणत्या तारखेला? पदोन्नतीचं असेल तर ज्येष्ठता यादी कधी अंतिम झाली, न्यायालयात अडकली आहे का? प्रतिनियुक्तीचं, म्हणजे दुसऱ्या खात्यातून काही काळासाठी माणूस आणायचं, असेल तर जाहिरात किती वेळा दिली? आणि चौथी तऱ्हा सगळ्यांत चिवट: कुणाला कसं घ्यायचं ते ठरवणारे सेवाप्रवेश नियमच जुने झालेत, दुरुस्तीची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. या चार रकान्यांचा तक्ता तारखांसकट मागितलास की ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य लिहायला जागाच उरत नाही. मी ते वाक्य किती वेळा लिहिलं असेन याची गणती नाही. त्यात खोटं काही नसतं. कार्यवाही खरोखर सुरू असते, दहा-दहा वर्षं.

आणखी एक. पदं कुठली रिक्त आहेत ते ठिकाणानुसार माग. दिल्लीतल्या खुर्च्या सहसा भरलेल्या असतात. ओस पडतात त्या क्षेत्रीय कार्यालयांतल्या, प्रयोगशाळांतल्या, जिथे लोकांचं काम होतं तिथल्या. आमच्या एका प्रयोगशाळेत मार्चअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून महागडं यंत्र घेतलं गेलं. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं पद रिकामं होतं. खर्चाच्या तक्त्यात त्या ओळीपुढे शंभर टक्के खर्च दिसला, समितीनं अहवालात कौतुकही केलं. यंत्राचं खोकं मी स्वतः पाहिलंय, त्यावर कुणीतरी चहाचे कप मांडले होते.

एक पळवाट आधीच सांगून ठेवतो. समितीनं दैनंदिन प्रशासनात लक्ष घालू नये, असा नियम आहे. पदांचा प्रश्न आला की आमचे काही अधिकारी हळूच त्याचा आधार घेत. म्हणून ‘अमक्याची बदली का झाली’ असल्या प्रश्नांच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात मागणीच्या आकड्यापासून करा: या शीर्षाखाली इतके कोटी मागितलेत, ते खर्च करायला माणसं किती आहेत? हा प्रश्न दैनंदिन प्रशासनाचा आहे असं कुणाला म्हणता येणार नाही.

जुने अहवाल वाचायचा कंटाळा करू नकोस, विशेषतः कृती अहवाल. समितीच्या शिफारशींवर सरकारनं तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं आणि समिती ती उत्तरं वर्गवारीनं छापते: मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या, उत्तर न पटलेल्या, आणि अंतिम उत्तरच न आलेल्या. नवखे लोक न पटलेल्यांकडे धाव घेतात, तिथे भांडण असतं ना. मी असतो तर ‘मान्य’ वाचले असते. आमच्याकडे शिफारस मान्य करणं हा ती मिटवून टाकायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग होता. ‘समितीच्या शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे’ असं लिहिलं की ती मान्य या सदरात जाऊन बसे, आणि पुढल्या वर्षी कुणी तिच्याकडे वळून पाहत नसे. तीन वर्षांपूर्वीच्या मान्य शिफारशींतल्या दोन निवड आणि त्यांचं पुढे काय झालं एवढंच विचार. लोकसभेच्या निर्देशांप्रमाणे मंत्र्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीबद्दल सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करायचं असतं. तेही काढून बघ.

कॅगचे (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे) अहवाल आणि विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा हिशेब, संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात, तुमच्याकडे नाही, म्हणून ते बाजूला ठेवू नकोस. एखाद्या अनुदानात १०० कोटी किंवा अधिक रक्कम शिल्लक राहिली तर त्याचं स्पष्टीकरण खात्यानं लोकलेखा समितीला द्यावं लागतं. तिथे ‘पदं न भरल्यामुळे बचत’ असं कारण लिहिलेलं सापडेल. तेच खातं तुमच्या समितीला मनुष्यबळ पुरेसं आहे असं सांगत असेल, तर दोन्ही उतारे एका कागदावर टंकून द्यायचे. शेरा मारू नकोस. शेऱ्यावर वाद घालता येतो, स्वतःच्याच वाक्यावर नाही.

खासदारांना द्यायचं टिपण एका पानाचं ठेव. तीन प्रश्न, प्रत्येकाखाली आकडा आणि तो कोणत्या पानावर आहे ते. सचिव उडवून लावतील तेव्हा विचारायचा उपप्रश्न कंसात. पान क्रमांक चुकला तर सगळं मुसळ केरात, आमच्या बाजूला पहिली तपासणी त्याचीच व्हायची.

आणि सचिवांच्या मागच्या रांगेत एखादा उपसचिव किंवा कक्ष अधिकारी बसलेला असेल, चिठ्ठ्या पुढे सरकवणारा. त्याच्यावर राग धरू नकोस. खात्यात माणसं नाहीत हे सगळ्यांत जास्त त्यालाच सोसावं लागतं, तीन टेबलांचं काम तो एकटा ओढतो. समितीनं पदांबद्दल जोरात विचारलं की परतताना आम्ही जिन्यात एकमेकांकडे बघून हसायचो. पुढच्या आठवड्यात अर्थ खात्याकडे पाठवायच्या पदभरतीच्या प्रस्तावात तोच उतारा आम्ही वर जोडायचो, ‘समितीनंही या बाबीकडे लक्ष वेधले आहे’. आतून दहा पत्रं लिहून जे हलत नसे ते कधीकधी त्या एका ओळीनं हललेलं मी पाहिलंय. नेहमी नव्हे.

मागल्या पाच वर्षांचे तक्ते मांडून झाले की मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. पगाराची ओळ लाल शाईनं लिही, डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

तुझा,
काका