शाळेत परकीय भाषा घ्यायची की नाही?

घे, नक्की घे. मार्क सहज मिळतात म्हणून मात्र नको. पाठांतरावर मिळवलेले मार्क परीक्षेनंतर महिन्याभरात विरून जातात.

खरा फायदा वेळेचा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला जपानी कामापुरती यायला वर्गातले सुमारे २,२०० तास लागतात. स्पॅनिशला याच्या निम्म्याहूनही बरेच कमी. नोकरी लागल्यावर एवढे तास कुठून काढणार? शाळेत रोजची थोडी सवय लागली, तर ते आपोआप साठत जातात. शिवाय या वयात उच्चार लवकर बसतात आणि चुकायची लाजही कमी वाटते.

पुढच्या शिक्षणाचंही बघ. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं, पण पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम जर्मनमधूनच चालतात. भाषा आधीच येत असेल तर ही वाट तुला खुली राहते.

कोणती घ्यावी? जिच्यातलं काहीतरी वाचायची, ऐकायची तुला मनापासून ओढ आहे ती. बाकी निकष दुय्यम, असं माझं ठाम मत आहे.

आणि पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोल. व्याकरणाची वही सुंदर आणि तोंड बंद, अशी मुलं मी खूप पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. शाळेच्या परीक्षेवरच थांबू नकोस. शाळेबाहेरच्या भाषा-परीक्षांमध्ये जपानीसाठी एन-५, युरोपीय भाषांसाठी ए-१ या पहिल्या पायऱ्या आहेत. वर्षअखेरीस त्यातली एक परीक्षा देऊन टाक.