जर्मनमधला 'झे' शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? अर्थ काय?

दोन्ही, आणि लिंगाबरोबर अर्थही बदलतो. 'डेअर झे' म्हणजे तळं, 'डी झे' म्हणजे समुद्र. आपला रंकाळा 'डेअर झे', रत्नागिरीला गेलात की समोर 'डी झे'. म्हणूनच बोडनझे हा तलाव पुल्लिंगी, नॉर्डझे हा समुद्र स्त्रीलिंगी. मराठीतलं लिंग मात्र तिकडे नेऊ नका. आपलं तळं नपुंसकलिंगी आहे.

खरी गफलत होते विभक्तीत. 'आम झे' म्हणजे तळ्याकाठी, 'आन डेअर झे' म्हणजे समुद्रकाठी. इथला 'डेअर' पुल्लिंगी नव्हे, ते 'डी'चंच चतुर्थीतलं रूप! सुरुवातीला मीही इथंच अडखळायचो. मग रंकाळ्यावर फिरताना 'इश बिन आम झे', म्हणजे 'मी तळ्याकाठी आहे', असं मोठ्यानं म्हणायला लागलो. अनेकवचन दोन्हींचं 'डी झेएन'.