मजुरी बुडाली तर घरावर काय चढते : धारणाधिकार की बोजा?

राजारामपुरीतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे : अमेरिकेतील त्यांच्या मुलाने घर बांधून घेतले, ठेकेदाराने सुताराची मजुरी बुडवली आणि सुताराने घरावर ‘मेकॅनिक्स लिएन’ नोंदवला. कोशात ‘लिएन’ला ‘धारणाधिकार’ म्हटले आहे. तो शब्द येथे चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. धारण करणे म्हणजे वस्तू ताब्यात ठेवणे. गुजरीत साज गाठवायला दिला आणि मजुरी न देताच परत मागितला, तर कारागीर तो हातचा सोडत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० ने त्याला तसा हक्कच दिला आहे, आणि त्या कलमाखालचे पहिले उदाहरणही जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचे आहे. हा खरा धारणाधिकार. सुताराचे तसे नाही : दारे-खिडक्या बसल्या, किल्ली मालकाकडे गेली, सुताराकडे उरले ते फक्त येणे. अमेरिकेतील कायदा हे येणे घरालाच जोडतो आणि वेळ पडल्यास न्यायालयामार्फत घर विकून ते वसूल करू देतो.

यासाठी आपल्याकडे सातबाऱ्यामुळे घरोघरी ठाऊक असलेला शब्द आहे : बोजा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढतो आणि फेडल्यावर उतरतो. जमीन मात्र या सगळ्या काळात शेतकऱ्याच्याच वहिवाटीत असते. ‘गहाण’ येथे बसत नाही, कारण गहाण मालक स्वतः लिहून देतो. शिवाय शहरातील मिळकत पत्रिकेवर ‘धारणाधिकार’ असा एक रकाना असतोच, आणि त्यात जमीन कोणत्या प्रकारच्या हक्काने धारण केली आहे एवढेच नोंदवलेले असते. सरकारी नोकरीत हाच शब्द कर्मचाऱ्याच्या मूळ पदावरील हक्काला लावतात. एका शब्दावर इतकी ओझी असताना चौथे लादू नये.

‘मेकॅनिक’ म्हणजे येथे गॅरेजमधला मिस्त्री नव्हे. हा कायदा १७९१ मध्ये मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन ही राजधानी उभारली जात असताना झाला, आणि त्या काळच्या इंग्रजीत हाताने काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला मेकॅनिक म्हणत. म्हणून मी ‘मजुरीपोटी घरावर चढवलेला बोजा’ असे लिहीन.

मात्र हा मजकूर येथील गवंड्यांना वाचून दाखवणार असाल, तर एक खुलासा अवश्य जोडावा. कलम १७० जंगम वस्तूंपुरते आहे. मजुरी थकली म्हणून गवंड्याला मालकाच्या घरावर असा बोजा परस्पर नोंदवता येत नाही, त्याला दावा करून हुकूमनामा मिळवावा लागतो आणि मगच मिळकतीच्या जप्तीपर्यंत जाता येते.