जागरणासाठी हातात धरायचं वाद्य घ्यायचंय, दिमडी, खंजिरी की डफ?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला फ्लॅटमध्ये राहता, चंपाषष्ठीला घरी खंडोबाचं नवरात्र असतं, शेवटच्या रात्री घरचेच आठ-दहा जण बसून गाणी म्हणता आणि त्यासाठी ऑनलाइन १२ इंची डफ बघून ठेवलाय, तो घ्यावा का. ऑर्डर केली नसेल तर थांबा.

मी पण इंदूरचीच. आमच्याकडे खंडोबाचा कुळाचार आहे, आणि या गावात तर होळकरांचंच कुलदैवत खंडोबा, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, त्यामुळे लहानपणापासून जागरण ऐकत आले. वाघ्याच्या हातात जे असतं ना ती दिमडी, लहान गोल कडं, एका बाजूला बकरीचं कातडं, झांजा नाहीत. सोबत तुणतुणं आणि मुरळीच्या हातात घाटी, म्हणजे लहान घंटा. डफ शाहिराचा, तो चौकात, मैदानात शोभतो. बंद खोलीत १२ इंची डफ वाजला की म्हणणाऱ्याचा आवाजच दबतो आणि देवापुढे शब्द ऐकू जायला हवेत, वाद्य नंतर.

खंजिरीला कड्यात चकत्या असतात. तुकडोजी महाराज खंजिरीवरच भजनं म्हणायचे, तो नाद मला फार आवडतो, पण तुमच्याकडे चार जण टाळ घेऊन बसणार असतील तर वर खंजिरीची छनछन नको, सगळा गोंगाट होतो. टाळ नसतील, एकटेच म्हणणार असाल तर खंजिरी घ्या, बिनधास्त. बाकी तुमच्यासाठी ७-८ इंची दिमडी, माझं स्पष्ट मत.

आता चामडं की फायबर. काही घरांत म्हणतात देवघरात चामडं नको, पण कीर्तनातला पखवाज पण चामड्याचाच असतो की. मी चामडंच घेईन, कारण डाव्या हाताची बोटं कातड्यावर दाबली-सोडली की आवाज खालीवर होतो, त्यात जो घुमारा येतो तो फायबरच्या पानात मला कधी मिळाला नाही. पण पावसाळ्यात श्रावणात पण वाजवायचं असेल तर फायबरला पर्याय नाही, कारण कातडं हवेतली ओल पितं, सैल पडतं, आणि मग नुसता भद्द आवाज. मार्गशीर्षात आपल्याकडे कोरडी थंडी असते, कातडं आपोआप ताणलेलं असतं, म्हणून चंपाषष्ठीला त्रास होत नाही.

हे सगळं मी चुकून शिकले. दिमडी ऑनलाइनच मागवली होती, ऑगस्टमध्ये आली, अगदी ढिली, मी गच्चीवर कडक उन्हात ठेवली आणि तासाभरात खिळ्यांच्या रांगेतून कातडं कडेने उसवलं. विकणाऱ्याने परत घेतली नाही. फार वाईट वाटलं होतं, कारण ती देव्हाऱ्यापुढे ठेवून हळदकुंकू पण लावून झालं होतं. तर शेकायची असेल तर वीतभर लांबून, उबेवर, हळूहळू फिरवत, आणि हातात धरूनच, खाली ठेवून विसरायचं नाही. उलट फारच ताणलेली वाटली तर आतल्या बाजूने ओलं बोट फिरवा, उतरते.

म्हणून दुकानात जाऊनच घ्या. ट्यूबलाइटसमोर धरा, कातडं एकसारखं जाड आहे का दिसतं, कुठे पातळ डाग असेल तर तिथूनच फाटणार. मग कडेकडेने एका बोटाने टिचकी मारत पूर्ण गोल फिरा, सगळीकडे साधारण एकच सूर यायला हवा. कड्याचा जोड बघा, अंगठा जिथे बसतो तिथली लाकडाची कड गुळगुळीत हवी. वास घ्या, कच्च्या कातड्याचा उग्र वास जात नाही लवकर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डाव्या हातात धरून दहा मिनिटं सलग वाजवा, दुकानदार बघत राहिला तरी चालेल. जागरण रात्रभर असतं, मनगट दहा मिनिटांत दुखलं तर पहाटेपर्यंत काय होणार. नट-बोल्टवाली मिळाली तर उत्तम, घरीच ताणता येते, पण जड असते हे लक्षात ठेवा, घरातले म्हातारे वाजवणार असतील तर नको.

अजून एक, कोणी घोरपडीच्या कातड्याची म्हणून दाखवली तर हात लावू नका. दक्षिणेकडच्या खंजिरीला ते पूर्वापार वापरायचे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तिचं कातडं विकणं-घेणं गुन्हा आहे. बकरीचं छान वाजतं.

आणि घरी आणल्यावर भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद, कड्याला लावा, कातड्यावर चोळू नका, हाताच्या घामात हळद मिसळून चिकटून बसते आणि बोट सरकत नाही.